वसतिगृहातली गळती

ती. वहिनींना,

दोन्ही हात जोडून (आणि ते आधी साबणाने धुऊन) नमस्कार.

तुमच्या तब्येतीची चौकशी सुरुवातीलाच करतो, कारण मागच्या पत्रात ती शेवटी केली म्हणून तुम्ही रागावला होतात. खोकला गेला का? दादाचा गुडघा काय म्हणतो? आणि दादा स्वतः काही म्हणतो का? (दोघांत गुडघा जास्त बोलका, हे मला ठाऊक आहे.) माझी प्रकृती ठणठणीत. इतकी ठणठणीत, की ती दाखवायला आसपास कुणी नाही एवढीच काय ती तक्रार.

तुम्ही विचारलंत, विद्यापीठ बंद असताना मालमत्ता अधिकाऱ्याला काम तरी काय असतं. अहो वहिनी, उघडं विद्यापीठ आपोआप चालतं. बंद विद्यापीठ चालवावं लागतं. साथ आली, मुलं घरी गेली, प्राध्यापक घरात बसून पडद्यावर शिकवायला लागले आणि सगळ्या इमारती माझ्या गळ्यात पडल्या. नळ वापरात नसले की पाइपात पाणी खराब होतं, म्हणून प्रत्येक मजल्यावरचा प्रत्येक नळ सोडायचा, थोडा वेळ धारेकडे बघत उभं राहायचं, बंद करायचा, पुढे जायचं. लिफ्ट रिकामीच वरखाली फिरवायची. प्रयोगशाळेतले फ्रीज सुरू आहेत ना ते पाहायचं (आत काय आहे ते मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही). गणिताच्या वर्गात फळ्यावर कुणीतरी अर्धवट आकडेमोड करून खाली ‘उरलेलं उद्या’ असं लिहून गेलंय. फळे पुसणं आता माझ्याच कामात येतं. तो मात्र मी पुसलेला नाही.

त्यात पैशाची बोंब. वसतिगृहाची फी परत करावी लागली, खानावळीचा ठेकेदार नुकसानभरपाई मागतो, आणि नव्या सभागृहाच्या कर्जाचे हप्ते चालूच आहेत. त्या सभागृहात सध्या फक्त कबुतरांच्या सभा होतात. आमच्या वित्त अधिकाऱ्यांना सगळे ‘कात्री’ म्हणतात. (तोंडावर नाही. तोंडावर ‘साहेब’.) रोज सकाळी संगणकावर बैठक होते. कात्रींना कॅमेरा नीट लावता येत नाही, त्यामुळे आम्हाला त्यांचं फक्त कपाळ दिसतं. कपाळावर एक आठी पडली की एक ठेका रद्द झाला असं समजायचं. माळी गेले, सफाईवाले गेले, पहारेकरी फाटकापुरता उरला. कुलगुरू मधूनमधून ‘या कठीण काळात’ असं म्हणतात आणि त्यांचा आवाज बंद पडतो. तो मुद्दाम कोण बंद करतं याचा तपास अजून लागलेला नाही.

अशाच एका सकाळी कपाळ म्हणालं, “मोठं वसतिगृह रिकामं आहे ना?”

“पूर्ण रिकामं, साहेब.”

“मग तिथे आंघोळ कोण करतंय? तुम्ही नळ सोडता त्याच्या कितीतरी पट मीटर फिरतोय.”

मी म्हणालो, गळती असेल. प्रामाणिकपणे म्हणालो हो! बैठक संपल्यावर पाना घेऊन गळती शोधायला गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात शिरलो, वाऱ्याने दार आपटलं आणि कडी अशी अडकली की हलेना. फोन बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर, पानाही त्याच्या शेजारी. धक्के मारले, लाथा मारल्या, आणि शेवटी ओरडलो, “कुणी आहे का?”

वहिनी, रिकाम्या इमारतीत ‘कुणी आहे का’ असं ओरडणं मूर्खपणाचं खरंच. पण त्याला उत्तर येणं त्याहून भयंकर.

“आहे!” बाहेरून खणखणीत आवाज आला. “जागा आहे, पुढे सरका!”

मी बादलीवर बसलो ते बसलोच.

तो आमच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी निघाला. वय माझ्याहून जास्त. सगळी हयात बसमध्ये कंडक्टरकी केली, निवृत्त झाला, आणि इतिहास शिकायला म्हणून नाव घालून वसतिगृहातच राहायला आला. पोरं त्याला ‘फ्रेशर’ म्हणतात. त्याने दाराला खांदा लावून पाहिला. दार जागचं हललं नाही, खांदा मात्र दुखावला. मग माझ्या फोनवरून सुताराला बोलावलं. सुतार लांब राहतो आणि त्याला रस्त्यावर यायचा परवाना काढायचा होता, म्हणजे दुपार होणार हे नक्की झालं. फ्रेशर म्हणाला, “मग काय, बसू.” तो दाराच्या त्या बाजूला बसला, मी या बाजूला. साथीच्या काळात एकमेकांपासून कसं लांब राहावं याची चित्रं आम्ही जागोजागी लावलीत. त्यांत दार नाही, पण असायला हवं.

मी विचारलं, “सगळी मुलं गेली, तुम्ही कसे राहिलात?”

“गेलो होतो की. पेटी घेऊन थांब्यावर उभा राहिलो. बस आलीच नाही. जन्मभर बसमध्ये उभा राहिलो साहेब, थांब्यावर उभं राहायची सवय नाही. मागच्या वाटेनं परत आलो.”

“घरी कुणी नाही?”

“आहेत ना. मुलगा आहे, सून आहे, नातू आहे. चांगली आहेत सगळी. पण मी नुसता बसलो तरी विचारतात, ‘बरं वाटतंय ना?’ इथली पोरं तसलं काही विचारत नाहीत. ‘नोट्स द्या’ म्हणतात.”

मी बादली दाराच्या आणखी जवळ ओढली. (मला कुणी दोन्हीपैकी काहीच विचारत नाही, पण हे दारातून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.) सुतार आला तेव्हा, खरं सांगतो, जरा लवकरच आला असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कपाळाने विचारलं, “गळती सापडली?” मी म्हणालो, “शोध चालू आहे.” एका माणसासाठी एवढी इमारत उघडी ठेवायला कात्री परवानगी देणार नाहीत हे मला ठाऊक होतं. त्यामुळे फ्रेशर कागदोपत्री गळती झाला. आम्ही खानावळीत जेवायला लागलो. शेकडो मुलांची ती खोली. या टोकाला मी, त्या टोकाला तो, मध्ये उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांचं जंगल. त्याचा आवाज कंडक्टरचा, तो सहज पोचायचा. माझा पोचावा म्हणून मला ओरडावं लागायचं. मीठ हवं असलं तरी भांडण चाललंय असं वाटावं. स्वयंपाक आळीपाळीने. माझ्या पाळीला तो जेवून झाल्यावर म्हणायचा, “शेवटचा थांबा!” आणि ताट सारायचा. खूप हसायचो आम्ही. तुम्ही आजवर आणलेली सगळी स्थळं मी का नाकारली हे मला त्या दिवसांत नीटसं आठवेना.

मग घोटाळा झाला. माझ्या क्वार्टरमधलं इंटरनेट बंद पडलं म्हणून मी बैठकीला खानावळीतून बसलो. कुलगुरू ‘या कठीण काळात’पर्यंत आले होते, चमत्कार म्हणजे आवाजही येत होता, आणि स्वयंपाकघरातून गर्जना झाली, “चहा कोण घेणार, चहा?”

कुलगुरूंनी विचारलं, “हे कोण?”

आणि वहिनी, माझ्या तोंडून निघून गेलं, “गळती, सर.”

कुलगुरू इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. कपाळ हसलं नाही. मी आता नोकरी गेलीच असं धरून सगळं भडाभडा सांगितलं: हा माणूस कुठे जाईल, आणि नळ सोडायला मी एकटा कुठे कुठे पुरू. कपाळ कॅमेऱ्याच्या जरा जवळ आलं. मग म्हणालं, “त्यांना नळांचं काम जमेल का? खोलीच्या बदल्यात. तसं लिहून पाठवा.” एवढंच. पण दुपारी कात्रींचा फोन. मला वाटलं, खरी झाडाझडती आता. ते म्हणाले, “तुम्ही दोघं जेवताना बोलता काय?” मी म्हणालो, विशेष काही नाही. ते म्हणाले, “मग मी नुसतं ऐकलं तर चालेल?” तेव्हापासून मधल्या टेबलावर संगणक, संगणकात कपाळ, असे तिघं जेवायचो. कात्रींची बायको दुसऱ्या गावी मुलीकडे अडकली आहे, हे मला इतकी वर्षं शेजारच्या कचेरीत काढून तेव्हा कळलं.

असं छान चाललं होतं. परवा फ्रेशरचा मुलगा गाडी घेऊन फाटकाशी आला. सून दवाखान्यात, नातवाला सांभाळायला कुणी नाही. मी वसतिगृहात जाऊन सांगितलं, तर फ्रेशरने एक शब्द विचारला नाही. पेटीसुद्धा पूर्ण भरली नाही. फाटकापर्यंत जवळजवळ धावत गेला, गाडीत बसला, आणि काच खाली करून मला म्हणाला, “येतो, साहेब. तिकडे माझी गरज आहे हो.” इतका आनंद (सून आजारी असताना आनंद म्हणू नये, पण होता) मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. सून आता बरी आहे, काल फोन आला होता. नातू मागे रडत होता म्हणून लगेच ठेवला.

मी वसतिगृहाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. आज बैठकीत कपाळ म्हणालं, “मीटर थांबलाय.” मी म्हणालो, “हो साहेब.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “थोडा खर्च होत होता, पण तसा परवडत होता.” कपाळावर आठी नव्हती.

असो. कामाचा ढीग पडलाय, म्हणून इथेच आवरतं घेतो. दादाला नमस्कार, तुम्हालाही.

तुमचा,
भावजी

ता. क. दादाचा जुना रेडिओ कुणी वापरत नसेल तर पाठवून द्यावा. बातम्यांसाठी नको. नुसता चालू असला तरी पुरे.

ता. क. २. तुम्ही फोन करता तेव्हा मी ‘कामात आहे’ म्हणतो आणि तुम्ही समजूतदारपणे ठेवून देता. मी कामात नसतो. तेव्हा तुमचा समजूतदारपणा जरा कमी करावा.

ता. क. ३. टपाल सध्या पोचतं की नाही, सांगता येत नाही. हे पत्र पोचलं, तरी पोचलं नाही असंच मला सांगा. म्हणजे हे सगळं मला तुम्हाला फोनवर सांगता येईल.