नळी विझवल्यावर उरलेला उजेड

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण विषय तुमचा आहे म्हणून तुम्हालाच लिहिते. माझी नात यंदा बारावी पास झाली. तिला भौतिकशास्त्र शिकायला पुण्याला जायचं आहे; तिचा बाप म्हणतो, इथेच पांढुर्ण्यात राहून नर्सिंग कर. शेवटी तो माझ्याकडे वळला, "आई, तू म्हणशील तसं." मी पोरीला स्वयंपाकघरात बोलावून समोर बसवलं आणि विचारलं, तिकडे जाऊन नेमकं काय करणार? ती म्हणाली, प्लूटोच्याही पलीकडे गेलेल्या यानाला चहूकडे हायड्रोजनचा अतिनील उजेड दिसतो. "सूर्याचाच असेल," मी म्हटलं. "थोडा सूर्याचा आहे, आजी. तिथल्या हायड्रोजनवर पडून विखुरते. यान दूर गेलं का तो कमी होते. पण त्याच्या मागं अजून एक उजेड उरते, तो कमीच नाही होत."

आणि मी एकदम सौंसरच्या कॉलेजात असते, तुमच्या तासाला. प्रयोगशाळेला पडदे नाहीत, म्हणून खिडक्यांना आम्ही घरून आणलेले कापसाचे रिकामे बोरे, पोती, टांगलेत. हायड्रोजन भरलेली काचेची नळी विजेवर गुलाबी पेटली आहे; भिंगातून तिचा उजेड रंगीत रेषांत फुटलेला दिसतो. भिंगाला डोळा लावून मी ओरडते, "सर, लाल रेषेजवळ अजून काही दिसून राहिलं!" मला वाटतं, शोध लागला. तुम्ही म्हणता, "नळी बंद कर." करते. ते तरी दिसतंच. "मग आता हा हायड्रोजन कोण्या गावचा, बाई?" वर्ग हसतो. उन्हाची तिरीप बोऱ्याच्या विणीतून येत होती. दिवा विझवल्यावर उरतं ते दिव्याचं नाही, एवढं बजावून तुम्ही सांगितलंत की हायड्रोजनचा सर्वांत तेज उजेड डोळ्याला दिसत नाही, हवाही तो येऊ देत नाही. पाहायचा तर पृथ्वीबाहेर जा. शेजारच्या जामसांवलीपलीकडे न गेलेल्या पोरींना हे सांगत होतात तुम्ही!

यानानं तेच केलं, सर. सूर्य विझवता येत नाही, म्हणून ते त्याच्यापासून दूर गेलं.

"मग उरलेला कुठला?" मी विचारलं.

"आकाशगंगेतला असेल म्हणतात."

"असेल म्हणजे?"

"पक्कं माहीत नाही कोणाले! म्हणून तर जायचं आहे ना, आजी."

तिचा आवाज चढला होता. मी रागावले नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

संध्याकाळी तिच्या बापाला सांगितलं, जाऊ दे तिला, पोरीचं भलं होईल. त्यानं मान डोलावली. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून इथे लिहून टाकते: भल्याचा विचार मी नंतर केला. तो उजेड कुठला, ते मला कळायला पाहिजे, आणि मला आता वाट पाहायला फार वेळ नाही.