टोपलीऐवजी म्हैस

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुम्हाला पाल्हाळ खपत नसे, म्हणून लगेच मुद्द्यावर येते.

बी.ए. झाल्यावर मी सांगलीच्या एका दवाखान्यात लढाईत जखमी झालेल्या जवानांसाठी काम धरलं. डॉक्टर त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणत. मी तुम्हाला समजावलं, “माणसाला कामाला लावून त्याचा हात बरा करायचा.” तुम्ही म्हणालात, “काम करून करून तर आमचं हात गेल्यात. आन् तू कामानंच बरं करनार व्हय?” हे वाक्य महिनाभर आष्ट्यात आपल्या घरी येईल त्याला ऐकवलंत. शेवटी आपलं ठरलं: वॉर्डातल्या पाटणच्या जवानाची मूठ दिवाळीपर्यंत मिटली, तर मी तिथेच राहायचं. नाहीतर घरी येऊन तुम्ही बघितलेल्या स्थळाला होकार द्यायचा.

त्या जवानाच्या मनगटातून गोळी आरपार गेलेली. जखम भरली होती, पण बोटं ताठ. डॉक्टरांच्या इंग्रजी पुस्तकात टोपल्या विणायला सांगितल्या होत्या, म्हणून मी त्याच्यापुढे वेत ठेवला. मी पोळपाट-लाटणं दिल्यासारखा तो बघत राहिला.

“बाई, गावात कळलं तर माजं लगीन हुईल का?”

तुमचं नंतर, आधी माझं होईल, असं मी म्हटलं नाही. “विणा,” एवढंच म्हटलं. तीन आठवड्यांत त्याने टोपलीचा जो तळ विणला, त्यावर मांजरसुद्धा बसलं नसतं.

दिवाळीच्या दहा दिवस आधीच तुम्ही बैलगाडी घेऊन हजर. गाडीत माझ्या ट्रंकेपुरती जागाही केलेली. वॉर्डात तुम्ही आधी तो तळ बघितलात, मग त्याचा हात. पैज जिंकल्यात जमा होती, नुसतं गप्प बसायचं होतं. ते तुम्हाला जन्मात जमलं नाही.

“गड्या, घरी म्हसरं हायती का?”

“दोन हायती, मामा.”

“धार कोन काढतंय?”

“मीच की. दुसऱ्याच्या हाताला दूधच देत न्हाईत.”

तुम्ही माझ्याकडे वळलात. “आगं, मग ह्येला काड्या कशाला दिल्यास? म्हस दे की!”

रुग्णांच्या दुधासाठी दवाखान्याच्या मागे एक म्हैस होती. पहिल्या दिवशी तिने एक धार दिली आणि एक लाथ. धार त्याच्या वाट्याला, लाथ माझ्या. “बैल दमल्यात” म्हणून तुम्ही दहाही दिवस राहिलात. आष्टा किती जवळ आहे, हे त्या बैलांनाही माहीत होतं. रोज सकाळी त्याच्या शेजारी उकिडवं बसून ओरडत होतात, “आंगठा दाब रं, आंगठा!” ऐन दिवाळीच्या पहाटे त्याने चरवी भरून आणली आणि माझ्यासमोर मूठ मिटून दाखवली. तुम्ही रिकामी गाडी जुंपलीत. त्या स्थळाला काय सांगितलंत, ते मला कधीच कळलं नाही.

पुढे मी हेच रीतसर शिकले आणि आयुष्यभर शिकवलं. दर वर्षी नव्या मुलींना पहिल्या तासाला म्हशीची गोष्ट सांगितली. पुस्तकातलं काम देऊ नका, त्या माणसाचं स्वतःचं काम द्या. मुली वहीत उतरवून घेत. एखादी विचारायचीच, “बाई, तुम्हाला हे सुचलं कसं?”

“निरीक्षणातून,” मी सांगायची.

गोष्टीत तुम्ही आहात, आबा. नाही असं नाही. पण बैलगाडी हाकणारे एक म्हातारे गृहस्थ, एवढेच.