चिठ्ठीत न लिहिलेलं औषध

सर, तुम्हाला चिठ्ठी शेवटून वाचायची सवय होती. खेड्यातून आलेलं पोर टेबलावर ठेवलं की तुमचा एक हात त्याच्या पोटावर, दुसऱ्या हातात सोबत आलेली चिठ्ठी आणि नजर थेट शेवटच्या ओळीवर. तिथे गावच्या डॉक्टरने काय काय दिलं ते लिहिलेलं असायचं. "आजार मला पोर सांगेल. त्याच्या पोटात काय घातलंत, ते मात्र तुम्हीच सांगायला हवं," असं तुम्ही पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं होतं, तेही एवढ्या मोठ्याने की बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी आत डोकावून पाहिलं. मी एका चिठ्ठीचा शेवट वाचलाच नव्हता. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले आणि नंतर वर्षभर एकही शेवटची ओळ माझ्या नजरेतून सुटली नाही. नगरच्या तुमच्या दवाखान्यात मी जे काही शिकले, त्यातलं निम्मं त्या एका ओरडण्यातून शिकले असेन.

तुमची रीत साधी होती. जिल्हाभरातून पोरं तुमच्याकडे यायची, पण तुम्ही ती ठेवून घ्यायचा नाहीत. आधी गावच्या डॉक्टरने बघायचं, त्याला जमेनासं झालं की चिठ्ठी देऊन पाठवायचं, तुम्ही उपचार करायचे आणि पोर बरं झालं की बंद पाकिटात उत्तर देऊन त्याच डॉक्टरकडे परत. "पोर त्यांचं आहे, मी दोन दिवसांचा पाहुणा," म्हणायचात. गावच्या डॉक्टरची चूक असली तरी नातेवाइकांसमोर एक शब्द काढायचा नाहीत. जे काही बोलायचं ते पाकिटात. एकदा एका डॉक्टरने भलतंच इंजेक्शन दिलेलं मूल आलं होतं, तेव्हा तुम्ही बापाला म्हणालात, "वेळेवर पाठवलं त्यांनी." मग आत येऊन दोन पानी उत्तर लिहिलंत. ते लिहिताना तुमचे कान लाल झाले होते.

यजमानांची नोकरी तिसगावच्या शाळेत होती, म्हणून मी तिथे बाजाराच्या रस्त्यावर एक खोली भाड्याने घेऊन दवाखाना थाटला. निघताना तुम्ही मला तुमची खिशातली छोटी बॅटरी दिलीत. "पोराचे डोळे बघायला विसरू नका, डॉक्टरीणबाई," म्हणालात. नवी देऊ शकला असतात, पण वापरातली दिलीत, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. तो दुष्काळाचा काळ होता. गावातल्या तरण्या बायका सगळ्या खडी फोडायच्या कामावर. कडेवरची पोरं कुठे ठेवायची, म्हणून काही जणी त्यांना मोहरीएवढी अफू चाटवून झाडाखाली निजवत. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी कबूल करत नसे. तुम्ही आम्हाला बजावलं होतं की, पोर सुस्त असेल आणि डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली तर आईला प्रेमाने विचारा.

त्या दिवशी बाजार होता आणि माझ्या दारात रांग. एक विशीची बाई दहा महिन्यांचं पोर घेऊन आली. दोन दिवसांचे जुलाब, पण जीभ ओली होती, पोर खेळत होतं. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, एवढं सांगून भागलं असतं. तसं मी सांगितलंही. ती हलेना. "बाई, आज थांबवा कसंबी. मुकादम म्हनला, उद्या आली न्हाई तर नाव काटीन. सासू तर मला घरातच घ्यायची न्हाई." मागून एक म्हातारी ओरडली, "आटपा की वो!" कपाटात जुलाबाचं खडूचं मिश्रण होतं. एक साधं, एक अफूच्या अर्काचं. दुसरं वर्षाच्या आतल्या पोराला द्यायचं नाही हा तुमचा नियम मला झोपेतही पाठ होता. मी तेच तिने घरून आणलेल्या बाटलीत भरलं आणि डोसासाठी कागदाची खाचांची पट्टी चिकटवून दिली. थोडंसंच आहे, म्हटलं. खरं सांगू का सर, मला त्या रांगेची लाज वाटत होती. नव्या डॉक्टरीणबाईंना साधे जुलाब थांबवता येत नाहीत, असं बाजारात बोललं जायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावत आली, मागे सासू. पोराचं पोट फुगलेलं, मान टाकलेली, श्वास मोजून घ्यावा इतका सावकाश. मी तुमची बॅटरी काढली. पापणी वर केली. टाचणीचं टोक.

मी टेबलापाशी उभी आहे आणि हातातली बॅटरी विझवायला विसरले आहे. मला सगळं कळलेलं आहे. पुढचं मी गोंधळून केलं नाही, शांतपणे केलं, म्हणून तर आजवर ते पचलेलं नाही. मी सुंदर चिठ्ठी लिहिली. वय, वजन, जुलाब किती, लघवी शेवटची कधी, श्वास मिनिटाला किती, बाहुल्या बारीक. शेवटच्या ओळीत लिहिलं, मीठ-साखरेचं पाणी आणि खडूचं साधं मिश्रण. मग त्या आईला म्हणाले, "बाटली इथेच राहू दे." ती एसटीकडे पळाली आणि मी मोरीत बाटली तीनदा विसळली.

पोर वाचलं. तुम्ही वाचवलंत. दोन दिवस खुर्ची टाकून त्याच्याशेजारी बसलात आणि श्वास अडला की छातीवर टिचक्या मारून जागं केलंत, हे मला तिच्या सासूकडून कळलं. ते सांगून झाल्यावर तिने पदर खोचला आणि म्हणाली, "आन् ही सटवी! मोठ्या डाक्टरांनी इचारलं तवा कळलं. अफू चाटवली हिनं लेकराला. मागं हुबी ऱ्हाऊन आयकलं म्या." आई खाली मान घालून उभी होती. माझ्या हातात तुमचं पाकीट होतं. त्यातल्या ओळी मला पाठ आहेत. मुलाला अफूचा अंमल होता, आई शपथेवर नाही म्हणते, पण तुमची चिठ्ठी स्वच्छ आहे आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. खाली लिहिलं होतं, "मी आईला सासूदेखत विचारलं, ही माझी चूक झाली. तुम्ही त्या बाईला सांभाळून घ्या." तुम्ही तुमची चूक एका ओळीत कबूल करून मोकळे झालात. मी पाकीट खणात टाकलं आणि सासूला म्हणाले, "झालं गेलं, आता पोराकडे बघा."

संध्याकाळी ती एकटी आली. "बाई, तुमी बाईमानूस हायेत. तुमी तरी सांगा त्येन्ला. म्या न्हाई दिली. लेकराची आन." मी म्हणाले, "मी कशी सांगू? मी काय तुमच्या घरी होते का?" इतकं निर्ढावलेलं वाक्य माझ्या तोंडून त्याआधी कधी निघालं नव्हतं. आठ दिवसांत तिला माहेरी धाडलं. अंगावर पिणारं पोर सासूने ठेवून घेतलं आणि शेळीच्या दुधावर घातलं. मीच त्याला दर आठवड्याला तपासत होते. वजन वाढत नव्हतं आणि का वाढत नाही ते मी सासूला विचारत होते! मूग गिळून बसणं म्हणतात, ते मी चार महिने केलं. चार महिन्यांनी पंच बसले. तिने देवळात चारचौघांत उंबऱ्यावर हात ठेवून सांगितलं की, व्हय, मीच अफू दिली होती, पुन्हा देणार नाही. मग पोर तिच्या ओटीत दिलं. जे केलं नाही ते कबूल करून तिने लेकरू परत मिळवलं. मी तेव्हा दवाखान्यात होते. बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं, सर. प्रकरण मिटलं, असं वाटलं.

तुम्हाला सांगायची संधी मला मिळाली नाही असंही नाही. दोनेक वर्षांनी तुम्ही तालुक्याच्या डॉक्टरांना जमवून चिठ्ठी कशी लिहावी ते समजावलंत आणि नमुना म्हणून फायलीतून माझीच चिठ्ठी काढलीत. तीच. मोठ्याने वाचलीत, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, आणि म्हणालात, "ही वाचली आणि मला निम्मं काम झाल्यासारखं वाटलं." सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसले. त्यानंतर तुम्ही बरीच वर्षं होतात. मी दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायची आणि दर वेळी दारातच ठरवायची, पुढच्या वेळी सांगू.

आता आमच्या तालुक्याला, पाथर्डीतही लहान मुलांचे डॉक्टर आहेत आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलवर पोराच्या आधी पोचतो. मी सकाळी तासभर बसते, सवय म्हणून. गेल्या महिन्यात ती आली होती. म्हातारी झाली आहे, माझ्यासारखीच. नातीला खोकला झाला होता. छातीत घरघर होती, म्हणून मी नगरला न्या म्हटलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. ती टेबलाला टेकून माझ्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "समदं लिवा बरं का बाई. काय काय दिलं त्ये समदं." तिला माहीत आहे का? की कुठलीही आजी म्हणेल तसं म्हणाली? मी वर पाहिलं नाही, त्यामुळे मला ते कधी कळणार नाही. मी सगळं लिहिलं, अगदी कोमट पाण्यापर्यंत.

हे पत्र मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. ज्या बाईला हे सांगायला हवं ती चार गल्ल्या पलीकडे राहते, रोज दुपारी ओट्यावर गहू निवडत बसलेली असते. तिला वाचता येत नाही. तिला सांगायचं तर समोर बसून तोंडाने सांगावं लागेल. आज दुपारी मी तिच्या ओट्यापर्यंत गेले, नातीचा खोकला कसा आहे विचारलं, आणि परत आले.