नुसता डिझेलचा धूर

९ सप्टें.
डासाचं औषध संपून आठवडा झाला. पुरवठादाराचं बिल थकलंय, वरून निधी आला की मग तो देणार. मुकादम म्हणाले, "नुसतं डिझेल टाक आणि हिंड. धूर दिसला की लोक गप बसतात."
"आणि डास?"
"कॉलेज अर्ध्यात सोडलास न्हवं? मग मला शिकवू नको."
मशीन खांद्याला. कूस भाजली.

१० सप्टें.
ल.ची गल्ली. वर्षभर उगाच तिथून गाडी काढतोय, आज पहिल्यांदा ती स्वतःहून बोलली. "ओ, घरात पण मारा की. व्यंकूला लई चावतात." व्यंकू तिचा धाकटा भाऊ. आत जाऊन दोनदा धूर मारला. ती ओढणी नाकाला धरून हसत होती. आई विड्या वळता वळता म्हणाली, "बाबू, पाणी पी."
निघताना ल.नं विचारलं, "आता बॅरल झाकायला नको ना?" नळाला पाच दिवसांनी पाणी, तोवर सगळं त्या बॅरलमधलं. दर वेळी फडकं सोडा, परत बांधा. कंटाळलेली.
"नको," म्हणालो. तिच्यासमोर खरं सांगायचं म्हणजे…

२१ सप्टें.
व्यंकूला डेंग्यू. सिव्हिलला ठेवलंय. पेशी उतरतायत.
तडक ऑफिस. मुकादमाची कॉलर धरली. त्यांनी माझा हात काढलासुद्धा नाही. "धर. माझा पगार अडकलाय, मी कुणाची धरू? आरोग्य खात्याच्या मॅडम निधीसाठी पत्रं लिहून दमल्या."
सोडली.

२३ सप्टें.
सिव्हिलच्या जिन्यावर ल.ला सगळं सांगितलं. औषध नव्हतंच. बॅरलचं खोटं बोललो तेही. वाटलं थोबाडीत देईल. दिली असती तर बरं. ती म्हणाली, "आईला सांगू नका. ती सगळ्या वॉर्डाला सांगतीय, मुलगा चांगला होता, आत येऊन धूर मारून गेला म्हणून."
वर गेली. मागं बघितलं नाही.

२४ सप्टें.
पेशी अजून उतरल्या, असं वॉर्डाबाहेर कळलं. आत जायचं धाडस झालं नाही.
संध्याकाळी मुकादमाचा फोन. उद्या तीच गल्ली, तक्रार गेलीय. औषध आलं का विचारलं.
"डिझेल आलंय."
मी नाही गेलो तर दुसऱ्याला पाठवतील. गेलो तर… रात्री वॉर्डात असली तरी दिवसा आई घरी असते. ती आत बोलावणार.