उभ्यानं केलेली वजाबाकी

वेस्ट हॅबर्ड, व्हरमाँट
गुरुवार, १० फेब्रुवारी १९९४, दुपारी सव्वातीन

ति. लुएला आत्यास,
ऑरिनचा सा. न. वि. वि.

मेपलच्या झाडांचा रस धरायच्या बादल्या धूत होतो. एकशे बारावी हातात असताना टपालवाला तुझं पाकीट देऊन गेला. वाचलं, आणि पुढची बादली उचलवेना.

तू सही केलीस. एक एप्रिलपासून आजोबा वृद्धाश्रमात, असं ठरवून मोकळी झालीस, आणि त्यांना एका शब्दानं विचारलं नाहीस. कारण काय, तर डॉक्टरांनी लिहून दिलं की त्यांची बुद्धी क्षीण झाली आहे. ती परीक्षा कशी झाली ते तुला कुणी सांगितलं नसणार. मी दारात होतो, म्हणून सांगतो. दवाखान्याच्या लांब बोळात त्यांची काठी काढून घेतली, चालायला लावलं आणि चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्र्याण्णव झालं, शहाऐंशी झालं, मग ते भिंतीकडे झुकले आणि पुढचा आकडा आलाच नाही. डॉक्टरांनी मान हलवून कागद भरला. सगळं मिळून चार मिनिटं. ज्या माणसानं सव्वीस वर्षं गावसभा चालवली, त्याचा निकाल चार मिनिटांत!

तीन वर्षांपूर्वीच्या आजारपणात दिलेल्या औषधानं त्यांच्या दोन्ही कानांच्या आतला, तोल सांभाळणारा भाग अधू झाला, हे तुला ठाऊक आहे. ऐकू छान येतं, म्हणून लोकांना ते खोटं वाटतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ब्रोशूबाईंनी मला नीट समजावलं. तुझा-माझा तोल आपोआप राहतो. आजोबांना तो डोळ्यांनी आणि तळपायांनी मुद्दाम राखावा लागतो. उभं राहणं हेच त्यांना दिवसभराचं काम झालंय. डोकं त्यात अडकलं, तर हिशेबाला उरणार किती?

मी घरी करून पाहिलं. नऊ दिवस, रोज दोनदा. खुर्चीत पाठ टेकून शंभरापासून दोनपर्यंत आले. नऊ दिवसांत चूक एक. उभ्यानं मात्र सात दिवस अर्ध्यातच अडकले. सगळं वहीत टिपलंय, तारखांसह नक्कल सोबत आहे. आजोबा म्हणाले की आता मला पिंजऱ्यात घाल आणि वजाबाकी करणारा पोपट म्हणून जत्रेत ने.

सही मागे घे, आत्या. रागानं लिहिलंय, पण खोटं काही नाही. माझा राग निवळेल. तुझा लोभ निवळू देऊ नकोस.

तुझा भाचा,
ऑरिन


टोलेडो, ओहायो
१७ फेब्रुवारी १९९४

चि. ऑरिन यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दहावीत शाळा सोडलीस तरी एक अक्षर चुकत नाही तुझं. फक्त डॉक्टर कधी झालास ते कळवायचं राहिलं. पदवी स्वयंपाकघरातच टांगली असशील!

तुझी वही दोनदा वाचली. पण बाबा नोव्हेंबरात गोठ्याच्या पायरीवरून पडले, तेव्हा इथे माझी झोप उडाली, तुझ्या वहीची नाही. मागच्या सभेत त्यांनी एकच ठराव दोनदा मताला टाकला, हेही तू मला कळवलं नाहीस. त्याच सभेत बसलेल्या हार्लन पाइकनं कळवलं. लोक माना खाली घालून हसले म्हणे. माझ्या बापाला हसले, ऑरिन! ज्यांना त्यांनी सभेत बोलायला शिकवलं, ते हसले. त्यापेक्षा चार भिंतींआड राहिलेले बरे, असं वाटलं मला.

बसला की शहाणा आणि उठला की खुळा, असा माणूस मी अजून पाहिला नाही. पण समजा, तुझं खरं. मग सभेत ते खुर्चीत बसतील का? सभेत जो बोलेल तो उभा राहूनच बोलेल, हा नियम त्यांचाच. पाय मोडलेल्या डेल्बर्टला पुलाच्या खर्चावर दोन वाक्यं बोलायची होती, तर दोघांच्या खांद्यांवर हात टाकून त्याला उभं केलं होतं यांनी. आता स्वतः बसतील? बसव बघू.

एक मार्चची सभा त्यांनी धड पार पाडली तर सही मागे घेईन. नाहीतर एक एप्रिल, आणि मग मला वह्या पाठवू नकोस.

गळ्याभोवती मफलर असू दे. रागावले तरी आत्याच आहे, हे धरून चाल.

तुझी
लुएला आत्या


वेस्ट हॅबर्ड
बुधवार, २ मार्च १९९४, सकाळी साडेसात

ति. लुएला आत्यास सा. न. वि. वि.

काल सभा झाली. तुला हार्लनकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून रस चुलीवर ठेवून लिहितोय.

बसा म्हणून दहा दिवस विनवलं. एकच उत्तर मिळालं, की बसून बोलते ती खुडूक कोंबडी. शेवटी ते उभेच राहिले. पहिला विषय निभावला. दुसरा बर्फ हटवायच्या नव्या गाडीचा. त्यावर दोन दुरुस्त्या आल्या. हात कुणाचे वर आहेत ते पाहायला डावीकडे मान, उजवीकडे मान, असं चाललं, आणि आजोबांनी मेज घट्ट धरलं. कुठली दुरुस्ती मताला टाकली तेच त्यांना सांगता येईना. मग हार्लन उठला आणि आजोबांकडे बोट करून म्हणाला की एझ्रानं पुष्कळ केलं, आता त्याला त्रास नको, सभा चालवायची हातोडी मी घेतो. इतक्या दयेनं म्हणाला की शिवी परवडली असती.

मी हात वर केला. सभेत मी आजवर तोंड उघडलेलं नाही. आजोबांनी माझं नाव पुकारलं, आणि मी बसूनच बोलायला लागलो. सगळ्या दालनात कुजबुज. आजोबांनी हातोडी आपटली, उभा राहा म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही बसलात की उभा राहीन. पाय मोडलेत का तुझे, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. मी म्हटलं, नाही, आणि तुमचं डोकंही मोडलेलं नाही. मागून डेल्बर्ट ओरडला की पाय मोडला तर बसता येतं, हे ऐकायला मी अकरा वर्षं थांबलो होतो!

मग कानाचं सगळं सांगितलं. एकही मुद्दा गाळला नाही. हसायचं असेल तर या आजाराला हसा, आणि आधी स्वतः गलबतावर उभं राहून पाढे म्हणून दाखवा, असंही म्हणालो. कुणी हसलं नाही.

आजोबांनी हातोडी खाली ठेवली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. बसल्या बसल्या मूळ ठराव सांगितला, दोन्ही दुरुस्त्या सांगितल्या, कुणी मांडली, कुणी अनुमोदन दिलं तेही. अठ्ठेचाळीस हजार सहाशेतून जुन्या गाडीचे सात हजार तीनशे पन्नास वजा करून एक्केचाळीस हजार दोनशे पन्नास, हे कागदाशिवाय. मग मला म्हणाले की शब्द दिला होतास, उभा राहा. राहिलो.

जेवणानंतरही सभा त्यांनीच चालवली. हातोडी त्यांच्याकडेच राहिली, त्र्याऐंशी विरुद्ध एक्केचाळीस मतांनी. एक चूक लिहून ठेवतो: सभेला आलेल्या मेबलला त्यांनी तिच्या आईच्या नावानं हाक मारली. ती म्हणाली की आईची आठवण काढलीत, त्याबद्दल तर आभार.

दिलेला शब्द तूही पाळशील, या भरवशावर,
ऑरिन


जिल्ह्याच्या गावातून
शनिवार, १२ मार्च १९९४

चि. ऑरिन यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र दवाखान्यासमोरच्या खानावळीतून लिहितेय आणि तुमच्याकडे निघालेल्या बसवाल्याच्या हाती देतेय, म्हणजे आजच मिळेल. रस सोडून तुला बसथांब्यावर यायची गरज नाही. मी दोन दिवसांनी येईन. काल त्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले की परीक्षा सगळ्यांची अशीच होते. मी म्हटलं, मग तुमचीही होऊ द्या. कोपऱ्यातल्या त्या व्यायामाच्या मऊ गादीवर चढा, एक पाय उचला, डोळे मिटा आणि शंभरातून सात-सात वजा करा. मला घाई नाही, म्हटलं, ओहायोहून आलेय. एकोणऐंशीला त्यांनी पडदा धरला आणि तो दांडीसकट खाली आला. मी विचारलं की आता तुमच्या नावापुढे काय लिहू? सोमवारी ते बाबांना खुर्चीत बसवून पुन्हा तपासणार आहेत. माझ्या सहीचा कागद मी तिथेच त्यांच्यासमोर फाडला.

पण डॉक्टरांवर ओरडून बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले. तुमचा फोन भिंतीवर आहे, ऑरिन. दर रविवारी मी बाबांना विचारायची, आज तारीख काय, दुपारी काय जेवलात, आणि ते अडखळले की मनात एक खूण करायची. वर्षभर. ते वर्षभर उभ्यानं उत्तरं देत होते.

त्या फोनखाली आजच एक खुर्ची ठेव. पाठीची, हातांची. संध्याकाळी सहाला मी फोन करीन. त्यांना सांग की लुएला म्हणते, आधी बसा.

तुझी
आत्या