‘करिता’ची सही

रुग्णालय वसाहत,
१२ जानेवारी २०२६

ती. केशरमावशीस,
मंजुषाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणजे माझं डॉक्टरी अक्षर आता तुलाच लावावं लागणार.

वैद्यकीय अधीक्षक होऊन चार महिने झाले, पण त्या खुर्चीत अजून नीट बसवत नाही. आधीच्या साहेबांच्या हाताखाली नऊ वर्षं ‘करिता’ लिहून सह्या केल्या. साहेब निवृत्त झाले, पद माझ्याकडे आलं, हात मात्र ‘करिता’च लिहीत राहिला. आमच्या कार्यालयातल्या पंजाबराव बाबूंनी एकदा विचारलंही, की मॅडम, आता कोणाकरिता? मी हसण्यावारी नेलं. खरं सांगू? वाटायचं, खरे साहेब कधीतरी येतील आणि मला उठवतील.

बाळांना ऊब देणारा आमचा वॉर्मर बिघडला होता. माझ्या ‘करिता’च्या सहीचं दुरुस्तीचं पत्र वरच्या कार्यालयातून दोनदा परत आलं, ‘अधीक्षकांच्या सहीने पाठवावे’ असा शेरा मारून. तिसरं लिहीन लिहीन म्हणते, तोवर किन्हीराजा गावची रूपाली सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ आईच्या छातीशी बांधून गाडीने पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवलं. रस्त्यातच गेलं. परवा ती तपासणीला आली, तर तुमी लय धावपळ केली मॅडम, म्हणून माझ्याच पाया पडली.

हे पद मला पेलणारं नाही. नकाराचा अर्ज सोबत आहे. तपासून दे, येत्या सोमवारी देते. माझ्या शिक्षणासाठी तू बढती सोडलीस, तुला हे कळेल.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझी मंजुषा


आसेगाव,
१५ जानेवारी

चि. मंजुषास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं.

बढती मी तुझ्यासाठी सोडली नव्हती. सतरा गावांच्या नर्सबायांवर देखरेख करायची म्हटल्यावर मी घाबरले. लोकांना तुझ्या शिक्षणाचं कारण सांगितलं, ते शोभून दिसलं. माझ्या जागी आलेल्या बाईंपेक्षा मला काम जास्त येत होतं, हे रिटायर होईपर्यंत रोज दिसत होतं. वीस वर्षं ते उपकाराचं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवलं, माफ कर. तू अधीक्षक झालीस तेव्हाही मीच म्हटलं होतं, पोरी, आपली पायरी पाहून राह्य. माझं चुकलंच.

अर्ज तपासला. चूक एकही नाही. पण चार महिन्यांत ‘करिता’ न लिहिता केलेली ही तुझी एकच सही, एवढं पाहा. म्हणजे सही येते तुला! मग वॉर्मरच्या पत्रावर का नाही केलीस?

लेकरू गेलं, ते खुर्ची सोडून फिटत नाही. अर्ज मी ठेवून घेतला आहे, बढती नाकारल्याच्या माझ्या जुन्या अर्जाच्या नकलेसोबत.

तब्येतीला जप. रागावलीस तरी पत्र टाक.
तुझी केशरमावशी


रुग्णालय वसाहत,
३ फेब्रुवारी

ती. केशरमावशीस,
सविनय जयभीम. वि. वि.

रागावले होते, चार दिवस. तू आधी सांगायला हवं होतंस.

मग तिसरं पत्र लिहिलं. खाली माझं नाव आणि पद, दुसरं काही नाही. पंजाबरावांनी लगेच शिक्का मारून टाकला. आठ दिवसांत माणूस येऊन वॉर्मर सुरू करून गेला. त्यात आता शेलूबाजारच्या एका बाईचं बाळ आहे, तब्येत सुधारतेय. सगळ्यांनी पेढे खाल्ले, माझा मी पंजाबरावांना देऊन टाकला.

खुर्ची सोडत नाही. तिच्यात बसायचं तर आधी एक काम करायला हवं होतं, म्हणून काल किन्हीराजाला गेले आणि रूपालीला सगळं खरं सांगितलं. ती या वेळी पाया पडली नाही. एवढंच विचारलं, की सही कराले किती वेळ लागते मॅडम.

लोभ ठेव मावशी, मला तो लागणार आहे.
तुझी मंजुषा