डावीकडची केबल

प्रिय बारक्या,

तू पाठवलेलं केबलचं भेंडोळं पोचलं. आता कृपा कर आणि आणखी पाठवू नकोस. एवढंच लिहून पाकीट बंद करायचं असं ठरवून बसले होते, पण डोकं इतकं तापलंय की एवढ्यावर भागायचं नाही. फोन केला असता, पण ते या घरात शक्य नाही. तुझा आवाज नुसता आला की बाबा कुठे असतील तिथून उठून येतात. परवा मी मोबाइल घेऊन गच्चीवर गेले, तर बाबा जिन्यात हजर, तुला केबलच्या जाळीबद्दल काहीतरी विचारायचं राहिलंय म्हणून. मग मी हवापाण्याचं बोलून फोन त्यांच्या हातात दिला. दुकानातून करावा तर तेव्हा तू कामाच्या गडबडीत, म्हणून हे पत्र. दुकानात, गिऱ्हाईक नसताना, चष्म्यांच्या काउंटरवर लिहितेय. अक्षर वाईट आलं तर समजून घे.

मुळात झालंय काय, ते तुला तिकडून दिसत नाही. बाबांनी कित्येक महिन्यांत एकही रेकॉर्ड धड ऐकलेली नाही. स्वतःचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्या माणसाला तेवढंच एक होतं. संध्याकाळ झाली की स्वतः बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर गरम करायचा, खुर्ची दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये सरकवायची आणि डोळे मिटून बसायचं. आता काय, तर सुई ठेवतात, जरा वेळ ऐकतात, तोंड वाकडं करतात आणि उचलतात. हम येतोय म्हणतात, स्पीकरमधून सारखी घुं घुं. हम जात नाही तोवर ऐकणार नाही म्हणतात. मग उरलेली संध्याकाळ भिंतीकडे बघत बसतात आणि आईशी भांडण उकरून काढतात. आई म्हणते, यांनी घरात सवत आणली असती तरी तिने या वायरींपेक्षा कमी जागा घेतली असती.

सुरुवातीला हम होता, हे मला मान्य आहे. मलाही ऐकू यायचा. रेकॉर्ड प्लेअर खिडकीपाशी हलवला तेव्हा तो आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधल्या अंतरासाठी बाबांनी कुठली तरी स्वस्तातली केबल लावली होती आणि ती विजेच्या वायरीला चिकटून भिंतीकडेने नेली होती. ती मी सोलून बघितली तर आतल्या तारेभोवतीची जाळी इतकी विरळ की मच्छरदाणी म्हणूनसुद्धा कुणी घेतली नसती. बाहेरची खरखर अडवायची तर जाळी घट्ट विणलेली हवी, तांब्याची हवी, हे मला आता झोपेत विचारलंस तरी सांगेन. बाजारात जाऊन मी चांगली आणली. दुकानदाराला तिथेच तुकडा सोलून दाखवायला लावला. तो वैतागला, पण मी ऐकते थोडीच.

बाबांचे हात आता डागणीच्या, सोल्डरिंगच्या कामाचे राहिलेले नाहीत, थरथरतात. म्हणून ते खुर्चीवरून सांगतात आणि मी करते. वरचं आवरण ब्लेडने अलगद गोल कापायचं, जाळीला धक्का लावायचा नाही. जाळी मागे सारून विंचरायची, पिळून एका बाजूला घ्यायची. तिचा एक केस जरी आतल्या तारेला टेकला तरी त्या बाजूचा स्पीकर मुका. डाग देताना आयर्न पटकन टेकवून उचलायचा, नाहीतर आतलं प्लास्टिक वितळतं. जाळी दोन्ही टोकांना प्लगच्या बाहेरच्या कडीला जोडायची. पहिल्या दोन केबली मी वाया घालवल्या, बोटं भाजून घेतली, शिव्या खाल्ल्या. पण दिवसभर चष्म्याचे बारीक स्क्रू बसवणारे हात आहेत माझे, जमलं. नंतरचे डाग असे आलेत बारक्या, की तू बघशील तर तुझे स्वतःचे लपवशील.

ती केबल लावली, विजेच्या वायरीपासून लांबून नेली, आवाज पूर्ण वाढवला आणि मी स्पीकरच्या जाळीला कान लावला. काहीच नाही. स्वच्छ. आईलाही बोलावून ऐकवलं. बाबा म्हणाले, डावीकडे अजून आहे.

आणि इथून तू सुरू झालास. तू मोठमोठ्या सभागृहांत आवाजाची व्यवस्था लावतोस, तेव्हा तुझा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. तू म्हणालास, जाळीच्या जोडीला आत पत्र्याचा पातळ कागद गुंडाळलेली घ्या. घेतली. ती इतकी ताठ की कोपऱ्यात वळेना, तो कागद सोलताना फाटला, आणि डावीकडे अजून आहे ते आहेच. तू म्हणालास, दोन तारांवाली घ्या. घेतली. मग म्हणालास, प्लग बदला. बदलले. तू तिकडे कामाच्या गडबडीत फोन कानाला लावून एक वाक्य टाकतोस आणि इकडे माझा रविवार टेबलाखाली जातो. मी टेबलाखालून म्हणायचे की बाबा, मला काही ऐकू येत नाही, हे शांत आहे. ते म्हणायचे, तुला नाही कळायचं, बारक्याला विचारतो. डाग मी द्यायचे, बोटं माझी भाजायची, आणि निकाल द्यायचास तू, तोही न ऐकता. याचा मला किती राग येतो ते मी कधी बोलले नाही, आज लिहितेय.

शेवटी मी बाबांचीच युक्ती बाबांवर चालवली. दुकानात ते आपल्याला शिकवायचे ते आठवतंय ना, एका बाजूला बिघाड वाटला की डावी उजवी अदलाबदल करायची. बिघाड केबलबरोबर गेला तर केबल वाईट, जागचा हलला नाही तर दोष पुढे. ते स्वयंपाकघरात गेलेले असताना मी दोन्ही केबलींची अदलाबदल केली. आल्यावर ऐकून म्हणाले, डावीकडेच. दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला स्पीकरच्या वायरींची उलटापालट केली. डावीकडेच. मग मी दोन्ही स्पीकरच इकडचे तिकडे केले, आईच्या मदतीने, पुसायला काढले असं सांगून. डावीकडेच.

त्यानंतर मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. डावा आवाज जरा वाढवून ठेवलेला असतो, दर वेळी मी बटण मध्ये आणते आणि संध्याकाळी ते पुन्हा डावीकडे वळलेलं असतं. तुझा फोन ते आता उजव्या कानाला लावतात. जन्मभर डाव्याला लावायचे, उजव्या हातात पेन नाहीतर आयर्न असायचा. आई डाव्या बाजूने बोलली की उत्तर देत नाहीत, आणि तिला वाटतं रुसलेत.

गेल्या आठवड्यात सकाळपासून आमच्या रस्त्याची वीज गेली होती. दुपारी आम्ही तिघं हॉलमध्ये खिडकी उघडून बसलो होतो. फ्रिज बंद, पंखा बंद, अ‍ॅम्प्लिफायरचा दिवाही बंद. कधी नव्हे ती शांतता. आणि बाबा सवयीने म्हणाले, ऐक, डावीकडे अजून वाजतंय. आईने त्यांच्याकडे बघितलं, आणि मग अ‍ॅम्प्लिफायरकडे. तिला यातलं काडीचं कळत नाही, पण वीज नाही हे तिलाही कळतं. बाबांच्याही लक्षात आलं. म्हणाले, वीज गेली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. बारक्या, त्या चार्जवर काही मिनिटभरही वाजत नाही, हे त्यांनीच आपल्याला शिकवलंय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते उठले आणि गुडघे धरत खाली बसून केबलचा प्लग काढून बघायला लागले. मला तोवर त्यांचा राग येत होता, त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. त्यांना ठाऊक आहे रे. केबलमध्ये दोष असेल तर केबल बदलता येते, म्हणून ते केबलला धरून बसलेत.

आमच्या दुकानाच्या वर कानाचे डॉक्टर बसतात. मी एकटीच जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही, पण एकाच कानात आवाज आणि त्याच कानाने कमी ऐकू येतंय, तर थांबू नका. काही कारणं वेळेवर सापडली तर उपाय होतो, नाही सापडली तर गेलेलं परत येत नाही. मी घरी येऊन हे जमेल तितक्या हळुवारपणे सांगून बघितलं. त्यांनी आधी माझ्यावर आरडाओरडा केला. चष्मा लावायला या माणसाला कधी लाज वाटली नाही, उलट दर वर्षी फ्रेम बदलून घेतात, आणि कानाचं नाव काढलं तर मी त्यांना म्हाताऱ्यात काढते म्हणे. मी हात टेकले. आई खनपटीला बसली तेव्हा शेवटी म्हणाले, बारक्याला एकदा विचारतो. तो म्हणाला केबल बरोबर आहे, तर येतो मी डॉक्टरकडे.

म्हणून लिहितेय. या रविवारी ते तुला फोन करतील आणि आणखी कुठली केबल घेऊ असं विचारतील. तुला काहीतरी सुचेल, तुला नेहमीच सुचतं. या वेळी नको. त्यांना सांग की ताईने केलेली केबल बरोबर आहे, बदलायची गरज नाही, तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा. यात खोटं काहीच नाही, हवं तर स्वतः ये आणि उघडून बघ. मी सांगून झालंय, माझ्या सांगण्याने ते घरातून हलत नाहीत; तुझ्या सांगण्याने हलतील, आणि याचं वाईट वाटून घ्यायला मला सध्या सवड नाही. फक्त जरा सावकाश आणि मोठ्याने बोल. त्यांना ऐकू जातंय तोवर सांग.

तुझीच, टेबलाखालची,
ताई